घटक ३ : ताराबाई मोडक – अंगणात गेलेली शाळा

३.१ प्रस्तावना

चरित्रलेखनात आयुष्यातील घटना सांगणे हे अर्धेच काम असते. त्या घटनांमुळे व्यक्तीच्या विचाराला वळण कसे मिळत गेले, हे दाखविणे हा त्याचा अधिक अवघड भाग होय. प्रस्तुत घटकात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे चरित्र या दृष्टीने मांडले आहे. ताराबाईंचे नाव आज स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत एका ओळीपुरते आढळते. परंतु त्यांच्या कार्यातून पुढे आलेला एक शब्द भारतातील गावोगावी रोज उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे ‘अंगणवाडी’.

हा घटक वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जणी स्वतः अंगणवाडीत सेविका किंवा मदतनीस असतील, पुष्कळ जण पालक असतील आणि काही जण आजी-आजोबाही असतील. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत त्याचे काय होते, हा प्रश्न तुम्हांला नवा नाही. तो प्रश्न ताराबाईंच्या आयुष्यात दोन रूपांनी आला. मूल नीट वाढते आहे हे कशावरून ओळखायचे, हे एक रूप; आणि त्याने नीट वाढावे म्हणून मुलाने संस्थेकडे जायचे की संस्थेने मुलाकडे, हे दुसरे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना पुस्तकांतून व बालमंदिरातून मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मिळायला त्यांना वयाची पन्नाशी ओलांडावी लागली.

चरित्राचा हा उत्तरभाग नीट समजावा म्हणून घटकाच्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्याच्या वाड्यांचा विचार केला आहे. ताराबाई तेथे गेल्या होत्या असे मुळीच नाही. त्यांनी ज्या भूगोलाशी आणि ज्या दैनंदिन अडचणींशी सामना केला, तशाच अडचणी तेथील वस्त्यांतही आढळतात, एवढाच त्या उदाहरणाचा आधार आहे.

३.२ घडण : मुंबई, अमरावती, राजकोट

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाशी निगडित असलेले सुधारक होते. मुलींना शिकवावे की नाही, यावर ज्या काळात घरोघरी वाद होत असत, त्या काळात या घरात तो वाद संपलेला होता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवीधर मराठी स्त्रियांची संख्या किती अल्प होती, हे विद्यार्थ्यांनी येथे ध्यानात घ्यावे.

अमरावतीचे वकील कृष्ण विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या विवाहातून प्रभा ही मुलगी झाली. १९२१ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले. त्याची कारणे चघळीत बसण्याचे चरित्रकाराला प्रयोजन नाही. परिणाम मात्र नोंदविला पाहिजे. एकोणतीस वर्षांची, पदवीधर, पदरी लहान मुलगी असलेली स्त्री स्वतःच्या पायांवर उभी राहण्यासाठी घराबाहेर पडली. लहान मूल वाढविणे आणि उपजीविका करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागणाऱ्या बाईची ओढाताण त्यांना अनुभवाने कळली. पुढे बोर्डीला मजुरी करणाऱ्या आयांची अडचण त्यांना इतक्या लवकर उमगली, त्यामागे हे पूर्वायुष्य असावे, असे मानण्यास जागा आहे.

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या स्त्री-अध्यापकांच्या संस्थेत त्यांना प्राचार्यपद मिळाले. त्या जागेवरील पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. मान होता, वेतन होते, स्थैर्य होते. हे सगळे सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या.

३.३ भावनगर : निरीक्षणाचे शिक्षण

भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया मॉन्टेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली सोडून बालशिक्षणाचे झाले. ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या. सुमारे नऊ वर्षे त्या तेथे होत्या. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गुजराती भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की पुढे लेखन, व्याख्यान व संपादन यांसाठी ती त्यांना परकी राहिली नाही.

या टप्प्यावर मॉन्टेसरींच्या पद्धतीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ‘मापन’ हा विषय येथूनच सुरू होतो. मॉन्टेसरी या डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तेथील मुलांची उंची व वजन ठरावीक काळाने मोजून नोंदवावे असा त्यांचा आग्रह होता. परंतु त्यांच्या दृष्टीने मोजमाप तेथेच संपत नव्हते. मूल एखाद्या कामात किती वेळ रमते, तेच काम किती वेळा पुन्हा करते, चूक झाली तर स्वतः ती सुधारते की मोठ्यांकडे पाहते, शेजारच्या मुलाला जागा देते की ढकलते, हेही पाहून लिहिले पाहिजे, असे त्या मानीत. शिक्षिकेने बोलणे कमी करावे आणि पाहणे वाढवावे, ही त्या पद्धतीची मुख्य अट होती. वजनाचा काटा शरीर सांगतो. मुलाचे मन कसे वाढते आहे हे सांगणारा काटा म्हणजे शिक्षिकेचा डोळा.

भावनगरला ताराबाईंनी हा डोळा तयार केला. मुलाला भीती दाखवू नये, बक्षिसाचे आमिष दाखवू नये, त्याला मारू नये, ही तत्त्वे आज आपल्याला ओळखीची वाटतात. त्या काळी शाळेत छडी नाही म्हणजे शिक्षणच नाही, अशी पालकांची धारणा होती. ताराबाईंचे पुष्कळसे लेखन या धारणेशी झुंजण्यात गेले आहे.

१९३२ मध्ये त्या मुंबईला परतल्या. मराठी ‘शिक्षणपत्रिका’ त्यांनी चालविली. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार ही संस्था सुरू झाली. तेथे बालमंदिर होते आणि बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही होते. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि चळवळीचा भार मुख्यतः ताराबाईंवर आला. त्याच वर्षी मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांचे प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. बालमंदिरांना शहरांतून प्रतिष्ठा मिळू लागली.

येथे एक स्पष्ट मत नोंदवावेसे वाटते. ही प्रतिष्ठा चळवळीला मानवली नाही. बालमंदिर हे सुशिक्षित, पांढरपेशा कुटुंबांचे लेणे होऊ लागले. एकावर एक रचायचे लाकडी ठोकळे, भोकांत नेमके बसणारे दट्टे, रंगांच्या पाट्या हे साहित्य महाग होते. ते ठराविक मापाचे असावे लागे आणि कारागिराकडून करून घ्यावे लागे. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या गरीब वस्तीत झाला, ती मुंबईत येता येता शुल्क भरणाऱ्यांची झाली. ताराबाईंना हे दिसत होते. दिसूनही ते बदलता येणे निराळे. त्यासाठी जागाच बदलावी लागली.

३.४ बोर्डी : मुले येईनात तेव्हा

१९४५ च्या जानेवारीत सेवाग्राम येथे झालेल्या परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीम केवळ सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती न ठेवता जन्मापासून अखेरपर्यंत विस्तारावी, असा विचार मांडला. त्यामुळे शाळेपूर्वीच्या वयाचा, म्हणजे पूर्वबुनियादी शिक्षणाचा प्रश्न राष्ट्रीय कार्यकर्त्यांपुढे आला. खेड्यातील गरीब मुलासाठी स्वस्त बालशिक्षण शक्य आहे का? याचे उत्तर प्रयोगानेच मिळणार होते. त्याच वर्षी ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न होते.

बोर्डी हे तत्कालीन ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील डहाणू तालुक्याचे समुद्रकाठचे गाव. किनाऱ्याला चिकूच्या वाड्या आणि आत टेकड्यांवर वारली आदिवासींचे पाडे. १९४५ हेच वारली आदिवासींच्या उठावाचे वर्ष. वेठबिगारीविरुद्ध गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेचा लढा त्याच परिसरात पेटला होता. बोर्डीत शिक्षणाचे वातावरण आचार्य भिसे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आधीच निर्माण केलेले असल्याने ताराबाईंना पाय टेकण्यास आधार मिळाला.

त्यांना आणखी एक आधार मिळाला तो अनुताई वाघ यांचा. अनुताईंचा जन्म १९१० मध्ये पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. बालवयात विवाह झाला आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. शिकून त्या पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच कामात राहिल्या. ताराबाईंचे चरित्र लिहिताना अनुताईंना शिष्या म्हणून दुय्यम स्थान देण्याची प्रथा आहे. ती फारशी न्याय्य नाही. कल्पना ताराबाईंची असली, तरी पाड्यावर रोज पायी जाऊन ती कल्पना टिकते की मोडते याचा अनुभव घेणाऱ्या प्रामुख्याने अनुताई होत्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या अनुताईंच्या पुस्तकातून त्या दिवसांची ओळख होते.

बोर्डीतील बालवाडी सुरू झाली, पण मुले येईनात. आली तर टिकेनात. शहरात शिक्षिका असल्या प्रसंगी पालकांना दोष देते आणि विषय संपतो. ताराबाईंनी भावनगरला तयार झालेला डोळा येथे वापरला. आता मात्र तो वर्गातील मुलावर नव्हता, वर्गात नसलेल्या मुलावर होता. आई-बाप पहाटे मजुरीला जातात. गवतकापणीच्या दिवसांत तर अख्खे कुटुंब रानात असते. चार वर्षांच्या मुलाला एकट्याने बालवाडीपर्यंत चालत पाठवायचे कोणी? सहा-सात वर्षांची बहीण घरी असते, पण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. तिला शाळेत बोलावले तर धाकट्याला कोण सांभाळणार? दहा वर्षांचा भाऊ गुरांमागे जातो. म्हणजे एका घरातील तीन मुले तीन निरनिराळ्या कारणांनी शाळेबाहेर राहतात, आणि ती कारणे एकमेकांत अडकलेली असतात.

यातून पहिला निष्कर्ष निघाला तो असा की, मुले बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडीने त्यांच्याकडे गेले पाहिजे. गावातील मुख्य केंद्राला ‘केंद्रीय बालवाडी’ म्हटले गेले. तिच्या जोडीला शिक्षिका वस्तीत जाऊन, एखाद्या घराच्या अंगणात, जेथे मुले असतील तेथेच त्यांना गोळा करून खेळ, गाणी, गोष्टी व स्वच्छता यांचा कार्यक्रम घेऊ लागल्या. ही ‘अंगण बालवाडी’. इमारत नाही, घंटा नाही, हजेरीपट असला तरी त्याचा धाक नाही. आजी दारात बसून पाहते आहे, कोंबड्या मधून फिरताहेत, कामावर न गेलेली एखादी आई तान्ह्याला घेऊन टेकली आहे. शिकवणे मुलांपुरते राहत नाही. पाहणारी आईही शिकते. औपचारिक पालकसभेने जे साधत नाही, ते असे अनायासे साधले.

साहित्याचा प्रश्नही अंगणातच सुटला. महागड्या लाकडी साहित्याच्या जागी चिंचोके, शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, करवंट्या, माती, बांबूच्या कांड्या आल्या. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हा भेद कळण्यासाठी परदेशी मापाचा ठोकळा लागत नाही. दोन दगडही पुरतात. हे ऐकायला सोपे वाटते. तथापि त्यामागे मॉन्टेसरींच्या साहित्याचा हेतू पूर्णपणे पचविलेला होता, हे विसरून चालणार नाही. ज्याला हेतू कळलेला नाही, त्याने चिंचोके वाटले तर मुले चिंचोके फेकून मारतात आणि प्रयोग तेथेच संपतो.

बालवाडीचा दिवस स्वच्छतेने सुरू होई. आंघोळ, नखे, केस, डोळे धुणे. काही आधुनिक अभ्यासकांना यात शहरी मध्यमवर्गाची नजर दिसते. आक्षेप अगदीच निराधार नाही. वारली घरातील स्वच्छतेच्या, सौंदर्याच्या स्वतःच्या रीती होत्या, आणि भिंतीवरची चित्रे ती साक्ष देतातच. परंतु खरूज आणि डोळ्यांचे विकार असलेले मूल खेळात रमू शकत नाही, हेही खरे. आरोग्य, आहार आणि खेळ हे तीन निरनिराळे विभाग आहेत, असे त्या अंगणात कोणाला वाटले नसावे. ते विभाग पुढे कचेऱ्यांनी पाडले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ हे विधान आपण नेहमी ऐकतो. बोर्डीच्या अनुभवाच्या आधारे या विधानाची तपासणी दहा ते बारा ओळींत करा. उत्तर लिहिताना घरातील तीनही मुलांचा विचार करा.

३.५ कोसबाड : विकासवाडी

१९५७ मध्ये हे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे ‘विकासवाडी’ ही कल्पना पूर्ण रूपात उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात, एकाच वेळेत. बहिणीने धाकट्याला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा होती. गुरे चरत असतील त्या माळावरच शिक्षक जाई. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. वयोगटानुसार मुलांचे तुकडे पाडण्याऐवजी घर हे एकक मानून शिक्षणाची रचना करणे, हे विकासवाडीचे मर्म होय. माझ्या मते अंगण बालवाडीपेक्षाही ही कल्पना अधिक मूलगामी होती. दुर्दैवाने पुढे शासकीय योजनेत पहिली उतरली, दुसरी जवळजवळ सुटली.

स्थानिक मुली-बायकांना बालसेविका म्हणून शिकविण्याचे कामही येथे चालले. शहरातून आलेली शिक्षिका पावसाळ्यात परत जाते, वस्तीतील बाई राहते, हा त्यामागील साधा हिशोब होता.

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

३.६ अंगण आणि वजनकाटा

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या गावपातळीवरील केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाही आदेश दिला की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यास ती मिळाली पाहिजे. संस्थेने मुलाकडे जावे हा बोर्डीचा निष्कर्ष अशा प्रकारे कायद्याच्या भाषेत आला.

या योजनेत सहा सेवा आहेत : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व पोषण शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. सहावी सेवा ही ताराबाईंची. कोणत्याही अंगणवाडीतील नोंदवह्या उघडून पाहिल्या तर सहांपैकी कोणत्या सेवांची नोंद सर्वांत बारकाईने होते, हे लगेच कळते. वजन, उंची, दंडघेर, वाटप केलेला आहार. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित ठरते आणि यंत्रणा हलते. ती हललीच पाहिजे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील ३५ टक्क्यांहून अधिक बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. अशा देशात वजनकाट्याला नाक मुरडणे हा केवळ दुष्टपणा ठरेल.

उंची-वजन कोणाच्या तुलनेत मोजायचे, हा प्रश्नही जगाला दीर्घकाळ सुटला नव्हता. पूर्वी अमेरिकन मुलांची आकडेवारी सर्वत्र वापरली जाई. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांत, आईचे दूध मिळालेल्या व बऱ्या परिस्थितीत वाढलेल्या बालकांची वाढ मोजली आणि २००६ मध्ये नवे मानक प्रसिद्ध केले. त्यातून असे दिसले की पोषण आणि काळजी नीट मिळाली, तर पहिल्या पाच वर्षांत दिल्लीचे मूल आणि ओस्लोचे मूल जवळजवळ सारखेच वाढते. खुज्या मुलाचे कारण वंशात शोधणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

परंतु उंचीने विकास पूर्ण मोजला जातो का? यासाठी जमैकातील एक अभ्यास पाहू. १९८६–८७ मध्ये किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत ९ ते २४ महिने वयाच्या, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचे चार गट करण्यात आले. एका गटाला दोन वर्षे दुधाचा पूरक आहार दिला. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवी; खेळणी टाकाऊ वस्तूंपासून घरीच केलेली असत. तिसऱ्या गटाला दोन्ही दिले, चौथ्याला यांपैकी काहीच नाही. वीस वर्षांनी ती मुले तरुण झाल्यावर पाहिले, तेव्हा ज्यांच्याशी खेळले गेले होते त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. केवळ आहार मिळालेल्या गटात असा दीर्घकालीन फरक दिसला नाही. बोर्डीच्या अंगणातील चिंचोके आणि किंग्स्टनच्या घरातील टाकाऊ डबे यांचे नाते येथे लक्षात यावे.

मनाच्या वाढीचे मापन अशक्य नाही. बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय तान्ह्या बालकांच्या, म्हणजे जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या, हालचालींच्या व मानसिक विकासाच्या मोजपट्ट्या तयार केल्या आणि त्या आजही बालरोगतज्ज्ञांच्या उपयोगी पडतात. युनिसेफने २०२० मध्ये २४ ते ५९ महिने वयाच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आईला किंवा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला विचारतात. मुलाचे चालणे-उड्या मारणे, बोलणे, मोजणे, इतरांशी वागणे अशा गोष्टी तिच्यात येतात, आणि देशोदेशीच्या बालविकासाची तुलना तिच्या आधारे करता येते. हे साधन सर्वेक्षणाचे आहे. त्यावरून देशाची स्थिती कळते. समोर बसलेल्या एका मुलाला उद्या कोणता खेळ द्यावा, हे कळत नाही. तेथे पुन्हा सेविकेचा डोळाच लागतो आणि तो तयार करायला वेळ द्यावा लागतो. जी सेविका आहाराचे वाटप, सर्वेक्षणे, सभा आणि मोबाइलवर भरायची माहिती यांत बुडालेली आहे, तिने कधी पाहावे? तिला मानधन मिळते, वेतन नाही, हेही येथेच नोंदवून ठेवू.

३.७ लांज्याच्या वाड्या

आता आपल्या परिसराकडे येऊ. मुंबई–गोवा महामार्गावरील लांजा हे तालुक्याचे ठिकाण. उत्तरेला रत्नागिरी-संगमेश्वर, दक्षिणेला राजापूर. महामार्ग सोडून आत वळले की कोकणी गावाची खरी रचना दिसू लागते. गाव एक, वाड्या अनेक. एक वाडी सड्यावर, दुसरी डोंगराच्या उतारावर, तिसरी नदीकाठी; मध्ये पऱ्या, साकव आणि जांभ्या दगडाची पाखाडी. येथे शब्दाची एक गंमत आहे. बालवाडी-अंगणवाडीतील ‘वाडी’ म्हणजे बाग, रोपे जोपासण्याची जागा. कोकणात वाडी म्हणजे वस्ती. कोकणातल्या माणसाला अंगणवाडी हा शब्द ऐकताच वाडीतले अंगण आठवते. ताराबाईंनाही मनात तेच चित्र अभिप्रेत होते, असे म्हणायला हरकत नाही.

सर्व वाड्यांना पुरेल अशी अंगणवाडी गावात एखाद्या मध्यवर्ती जागी असते. मृगापासून हस्तापर्यंत पऱ्याला पाणी असते. तीन वर्षांच्या मुलाला ते ओलांडून कोणी आणायचे? आई लावणीला चिखलात उभी आहे. बाप पुष्कळदा मुंबईत चाकरीला. आजीचे गुडघे पाखाडी उतरू देत नाहीत. बोर्डीला गवतकापणीने जे केले, तेच येथे लावणी आणि काजूचा हंगाम करतात. छोट्या वस्त्यांसाठी मिनी अंगणवाडीची तरतूद याच कारणाने झाली, पण प्रत्येक वाडीला ती पुरत नाही.

वारली पाडा आणि कोकणी वाडी यांत फरकही आहेत, ते झाकू नयेत. लांज्यातील आई बहुधा साक्षर आहे, घरी मोबाइल आहे, आणि आसपास इंग्रजी माध्यमाच्या ‘नर्सरी’ची जाहिरात पोहोचली आहे. चार वर्षांच्या मुलाच्या हाती पाटीऐवजी गृहपाठाची वही आली, की पालकांना शिक्षण सुरू झाल्याचे समाधान वाटते. ताराबाईंनी हिंदू कॉलनीत जो पांढरपेशा आग्रह पाहिला, तो आता घाटी उतरून वाडीपर्यंत आला आहे. दुसरीकडे, खळ्यात वाळत घातलेले भात, पडवीतले सूप, रायवळ आंब्याच्या बाठी, काजूच्या बिया, सुपाऱ्या, नारळाच्या हिरांचे खराटे हे सारे साहित्य कोणत्याही बालमंदिराने हेवा करावा असे आहे आणि ते घरातच पडलेले असते.

क्षेत्रकार्य : या घटकाशी निगडित क्षेत्रकार्य प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वाडीतच करायचे आहे, दूरच्या वाडीत जाण्याची आवश्यकता नाही. तीन ते सहा वर्षे वयाचे एक मूल निवडा. त्याच्या आईची किंवा आजीची परवानगी घ्या. सलग तीन दिवस, रोज एक तास, अंगणात किंवा पडवीत बसून ते काय करते ते पाहा. मधे बोलू नका, खेळ सुचवू नका, शिकवू नका. कोणत्या वस्तूशी ते किती वेळ रमले, काय पुन्हा पुन्हा केले, अडले तेव्हा कोणाकडे पाहिले आणि मोठ्यांपैकी कोण त्याच्याशी किती बोलले, एवढेच वेळेसह लिहा. ‘हुशार’, ‘मस्तीखोर’, ‘आळशी’ असे शब्द नोंदीत वापरू नका. दिसले ते लिहा. त्यानंतर त्याच मुलाच्या वाढीचा तक्ता अंगणवाडीत पाहावयास मिळाल्यास पाहा, आणि तुमच्या तीन तासांच्या नोंदींतील कोणत्या गोष्टी त्या तक्त्यात नाहीत, ते एका पानात मांडा. पाऊस असेल तर पऱ्या ओलांडून पलीकडच्या अंगणवाडीत जाण्याची घाई करू नका. पाणी उतरेपर्यंत थांबा, आणि तेवढे दिवस मूल कोठे होते हेही वहीत नोंदवा. मुलाचे नाव मात्र वहीत लिहू नये.